वहीतला आकडा

३ जानेवारी

१८४/१०२.

परत पाठवलं. दुसऱ्यांदा!

हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी बांधली, डोळ्यात पाच वेळा थेंब टाकले आणि दोन तास बाकावर बसवून ठेवलं. झगा बघूनच माझं डोकं फिरलं. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत. मग सिस्टर आली, दंडाला पट्टा आवळला, आकडा बघितला. म्हणाली, "आजी, आज नाही जमायचं. बीपीचा वरचा आकडा एकशेसाठच्या आत आणा, मग डोळ्याचं बघू."

मी म्हटलं, "मोतीबिंदू डोळ्यात आहे की दंडात?"

हसली. हसत हसत परत पाठवलं.

रोज मोजा आणि वहीत लिहा म्हणाली. म्हणून ही वही. नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर मी मापांशिवाय काही लिहिलेलं नाही — छाती, कंबर, खांदा, बाही. आता हे बीपी. अक्षर मोठं काढलं तरच दिसतं, म्हणून पानावर आठ ओळी मावतात. कागद वाया जातो तर जाऊ दे.

४ जानेवारी

१८०/१००. मुलानं घरी मशीन आणलं. आकडे अंगठ्याएवढे आहेत, मोतीबिंदूतूनही दिसतात.

एवढा जीव का टाकतेय ते एकदा लिहून ठेवते. पुढच्या खोलीत आमचं शिवणकाम. मी कापते, सून शिवते. म्हातारा गेला तेव्हा सगळे म्हणाले, बाई फार तर उशीचे अभ्रे शिवील, कोट बाईच्या हातून कापला जात नाही. त्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून या टेबलावर कोट मीच कापते, आणि एक कोट परत आलेला नाही. नुसता माणूस दारातून आत आला की मला त्याचा खांदा कळतो. टेप आपली त्याच्या समाधानासाठी.

आता उजवा डोळा गेलाच आहे, डावा अर्धा. एप्रिलमध्ये बँडवाल्यांची बावीस कोटांची ऑर्डर आहे. काल मुलगा म्हणाला, "आई, तोपर्यंत डोळा झाला तर ठीक. नाहीतर यंदा हिला कापू दे." मुलगा बोलला की समजायचं, सून बोलली. आणि यंदा म्हणजे कायमचं. एकदा टेबलावरून उठलेल्या माणसाला परत कोण बसवतं?

तेव्हा आकडा उतरलाच पाहिजे. उतरवणार.

५ जानेवारी

१८२/१००. गोळी घेतेच आहे रोज. सून पेला घेऊन समोर उभी राहते, गिळेपर्यंत हलत नाही. जेलर बरा.

८ जानेवारी

१७८/१००.

जडीबुटीवाल्याकडे गेले. हा माणूस तागडीत चार पानं टाकतो आणि सोनं तोलल्यासारखा श्वास रोखून बघतो. म्हटलं, "बीपीला काय आहे?"

म्हणाला, "वरचा वाढलाय की खालचा?"

"दोन्ही. हात राखून देऊ नका."

लसूण सांगितला, सकाळी दोन पाकळ्या कच्च्या, ठेचून. आणि काढा — जास्वंदीच्या सुकलेल्या पाकळ्या, धणे, दालचिनीचा तुकडा. वर म्हणाला, "आजी, लसूण खाल्लात की दोन तास माझ्या दुकानात येऊ नका."

येताना कोपऱ्यावरच्या डॉक्टरणीला विचारून आले. वयानं नातीची थोरली बहीण शोभेल, पण बोलणं माझ्या आजीचं. म्हणाली, "घ्या. पण गोळी सोडायची नाही. सोडलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." धमकी आवडली मला.

९ जानेवारी

१७८/९८. लसूण खाल्ला. डोळ्यांतून पाणी. काढा आंबट ढाण. तोंड असं झालं की नात म्हणाली, "आजी, फोटो काढू?"

१५ जानेवारी

१७२/९६. उतरतोय.

सून म्हणते, "गोळीचा गुण आहे." मी म्हटलं, "गोळी तीन वर्षं चालू आहे, तेव्हा कुठे गेला होता गुण? गावाला?"

ती म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही आठवड्यातून चार दिवस घेत होता."

हे हिला कसं कळलं?

१९ जानेवारी

१७०/९४. गिऱ्हाईक आलं होतं, कापड हुंगून म्हणालं, "लसणाचा वास येतोय." सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "लोकरी कापड आहे. कसर लागू नये म्हणून मारतात." पटलं त्याला. आणखी दोन मीटर घेऊन गेला.

२६ जानेवारी

१६४/९२.

मिठाचा डबा मीच उचलून वर ठेवला. सकाळी टेकडीपर्यंत जाऊन येते. सुनेला वाटतं मी तिला दाखवायला करते. दाखवायलाच करते. तरी चालले तर मीच ना?

२ फेब्रुवारी

१५६/९०!

दोनदा मोजलं. नातीला बोलावून तिसऱ्यांदा मोजलं. १५४.

डॉक्टरणीकडे वही घेऊन गेले. तिनं एकेक पान उलटलं. म्हणाली, "इतकं व्यवस्थित माझ्याकडे कोणी लिहून आणत नाही." मी मान वर केली नाही, पण ऐकलं सगळं. म्हणाली, काय काय घेता त्याची यादी सांगा. सांगितली — लसूण, जास्वंद, धणे, दालचिनी. तिनं लिहून घेतली. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस लसूण बंद करायचा, म्हणाली, त्यानं रक्त पातळ होतं. बाकी चालू द्या. डोळ्याच्या दवाखान्यात फोन केला तिनं. तारीख मिळाली, २८ फेब्रुवारी.

घरी येऊन कोणाला काही बोलले नाही. टेबलावरची खडूची भुकटी पुसून काढली फक्त.

४ फेब्रुवारी

१५४/९०.

शेजारची रेडिओ आली होती. खरं नाव तिचं तिलाही आठवत नसेल. सकाळी तिच्या कानात घातलेलं दुपारपर्यंत चार गल्ल्यांत वाजतं. म्हणाली, "काकू, तीस आकडे उतरवले म्हणे तुम्ही! मलाही द्या की."

दिला बाटलीभर. संध्याकाळपर्यंत आणखी सहा बाटल्या दारात. त्यात पोस्टमन भाऊजीही. नोकरीतून सुटून दहा वर्षं झाली, तरी सगळे पोस्टमनच म्हणतात. उभ्या आयुष्यात मी या माणसाला कोणाकडे काही मागताना बघितलं नाही. बाटली पुढे करून म्हणाले, "वहिनी, रांगेत उभा आहे."

सात घरांना माझा काढा. सून म्हणाली, "आई, कोटांचं दुकान आहे की काढ्याचं?"

मी म्हटलं, "तुला हवं असेल तर आठवं घर तुझं."

७ फेब्रुवारी

१५४/८८. तक्रारी सुरू. ज्याचं करावं भलं! भाऊजी म्हणतात, "गुण असेल, पण तोंड संध्याकाळपर्यंत सरळ होत नाही." रेडिओ म्हणते, "काकू, हा पिताना मला सासूची आठवण येते."

माझ्या हातची वस्तू आणि लोक तोंड वाकडं करतात. हे मला चालत नाही. शिवलेल्या कोटाला कोणी 'बरा आहे' म्हटलं तरी मला झोप येत नाही.

८ फेब्रुवारी

१५६/९०.

जडीबुटीवाल्याला म्हटलं, गोड करायचंय, साखर नको, रेडिओला मधुमेह आहे. त्यानं ज्येष्ठमधाची मुळी दिली. "साखर नाही, पण गोडी साखरेच्या वर. चिमूटभर टाका."

चिमटीनं मी मीठसुद्धा घालत नाही. मूठभर टाकली.

काय चव आली! आता जो तो दुसरा पेला मागतो. मी स्वतः तीन पेले घेते, चहा बंदच केलाय. सून पण चोरून चाखून गेली, पेला ओला सापडला.

१२ फेब्रुवारी

१६०/९२. आज कापड उचलताना दमले असेन.

१५ फेब्रुवारी

१६६/९४. पट्टा नीट बसला नसेल. परत मोजलं. १६८.

सुनेनं विचारलं, "किती?" तोंडातून निघून गेलं, "एकशेचोपन्न."

१७ फेब्रुवारी

वहीत — १७०/९६. घरात — १५२.

इथे खोटं लिहिणार नाही. पानाला फसवून काय मिळणार? ते कुठे माझं टेबल मागतंय.

पण घरात सांगायचं कसं? सात घरं माझा काढा पितात. महिनाभर गोळी मोठी की लसूण मोठा म्हणून मी हिच्याशी भांडतेय. आणि तारीख अकरा दिवसांवर. सांगितलं की मुलगा म्हणणार, जाऊ दे आई, हिला कापू दे.

काढा चार पेले केला. लवकर उतरेल.

२० फेब्रुवारी

१७४/९८. पाय सुजलेत. चपलेचा पट्टा रुततो. सुनेची नजर पायाकडे गेली तर पाय टेबलाखाली घेतले.

नात म्हणाली, "आजी, आज मी मोजू?" मी म्हटलं, "तू अभ्यास कर. मी मोजते बरोबर."

लसूण बंद केला. ऑपरेशनला आठ दिवस.

२४ फेब्रुवारी

१७८/१००. काढा पाच पेले.

२७ फेब्रुवारी

१८०/१००. जिथून निघाले तिथेच!

उद्या पट्टा आवळला की सगळं उघडं पडणार. तेव्हा आज दुपारपासून मला खोकला आला. म्हणजे आणला. खोकल्यात डोळ्याचं ऑपरेशन करत नाहीत, हे रेडिओकडून कळलं होतं. कधी नव्हे ती उपयोगी पडली. इतकी खोकले की मुलानंच फोन करून तारीख पुढे ढकलली. सून पाणी घेऊन आली, पाठीवरून हात फिरवत राहिली. तेव्हा मात्र खरा ठसका लागला.

एवढं खोटं मी गिऱ्हाइकालाही कधी बोलले नाही.

३ मार्च

मोजलं नाही.

पोस्टमन भाऊजी जिन्यात बसले ते उठेचनात. पाय धरले गेले. पोटऱ्या दगडासारख्या. त्यांच्या मुलानं आणि दूधवाल्यानं उचलून डॉक्टरणीकडे नेलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे.

रेडिओ दारात उभी राहून म्हणाली, "काकू, लोक म्हणतायत तुमच्या काढ्यानंच."

"लोक म्हणजे तू," मी म्हटलं. दार लावून घेतलं.

दार लावलं, पण कान बंद होईनात.

४ मार्च

१८२/१००.

सकाळी टेबलाशी बसले. कापड घेतलं नाही, ही वही घेतली. असं समजू, हा कोट आहे. पहिल्या ट्रायलला बसत होता, आता बसत नाही. अशा वेळी नवखा शिंपी काय करतो? सगळा उसवतो, नाहीतर गिऱ्हाइकाला म्हणतो तुम्हीच जाड झालात. जुना शिंपी विचारतो — बसत होता त्यानंतर मी कुठे हात लावला?

पानं मागे उलटली. ९ जानेवारी ते ७ फेब्रुवारी, उतरता. ८ फेब्रुवारीनंतर चढता. लसूण वीस तारखेपर्यंत तोच होता, आकडा त्याआधीच चढायला लागला. जास्वंद तीच. धणे, दालचिनी, टेकडी, मीठ, गोळी, सगळं तेच. नवीन एकच.

गोड मुळी.

आणि जितका आकडा चढला तितका मी काढा वाढवला. आग विझेना म्हणून आणखी रॉकेल.

पायात चपला कशा घातल्या आठवत नाही. डॉक्टरणीकडे गेले. भाऊजी खाटेवर, हाताला सलाईनची सुई. डॉक्टरणीला विचारलं, "ज्येष्ठमधानं बीपी वाढतं का?"

तिनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही ज्येष्ठमध घेताय?"

"मी आणि सात घरं. हेही."

ती भाऊजींकडे वळली. "मी तुम्हाला दोनदा विचारलं, कुठलं औषध घेता?"

भाऊजी म्हणाले, "तो वहिनींचा काढा आहे. औषध कुठाय?"

"आणि आजी, मी यादी मागितली तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तेव्हा घालत नव्हते. नंतर घातलं. आणि नंतरही सांगितलं नसतं. तुम्ही औषधं विचारली होती. ते तर गोड आहे."

तिनं कपाळाला हात लावला. मग नीट समजावून सांगितलं. ती मुळी शरीरातलं मीठ आणि पाणी धरून ठेवते, म्हणून पाय सुजतात, बीपी चढतं. आणि दुसरा एक क्षार बाहेर जातो, त्यानं स्नायू धरतात. खोकल्याला चार दिवस चिमूटभर वेगळं. रोज पेले भरून, तेही बीपीवाल्यांनी — विष.

म्हणाली, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." वही तिच्यापुढे ठेवली.

तिनं खरे आकडे वाचले, सगळे. नंतर म्हणाली, "मी दोन दिवसांनी शोधून काढलं असतं कदाचित. तुम्ही आजच काढलंत."

निघताना भाऊजींपाशी गेले. काय बोलणार? म्हटलं, "भाऊजी, चुकलं माझं."

ते म्हणाले, "वहिनी, मरताना तोंड तरी गोड झालं असतं. आंबटपेक्षा बरं."

या माणसाला हसावं की मारावं!

५ मार्च

१८०/१००. काढा बंद. मुळी कचऱ्यात.

सात घरं फिरले. भाऊजींच्या घरून सुरुवात केली, त्यांची सून दारात होती, तिनं आत बोलावलं नाही. बरोबर आहे. उंबऱ्यातच सांगितलं, "माझ्या काढ्यात मी जे गोड घातलं त्यानं झालं. बाटली दे." दिली.

मग बाकीची सहा. प्रत्येक दारात तेच वाक्य. 'कदाचित' नाही, 'असं म्हणतात' नाही. माझ्या हातानं झालं. बीपी मोजून घ्या, पाय सुजले असतील तर आज डॉक्टरणीकडे जा. रद्दीवाल्याची बायको बाटली सोडीना. म्हणे, "आम्हाला मानवलाय." मी तिच्या मोरीत ओतून आले. पाठीमागून काय म्हणाली ते ऐकू आलं, लिहीत नाही.

रेडिओकडे शेवटी गेले. तिचे डोळे चमकायला लागले. मी म्हटलं, "आता हे सगळीकडे सांग. आज तुला मोकळीक. कोणी राहायला नको."

ती गप्प झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "काकू, मी असते तर सांगितलं नसतं." आणि खरंच गेली, घरोघर.

घरी आले. सून मशीनवर होती. टीप थांबवून बघायला लागली. वही तिच्यापुढे टाकली. "वाच. १५ फेब्रुवारीपासून पुढे. खोकलापण खोटा होता."

वाचलं तिनं. मला वाटलं आता ऐकवील. हक्क होता. तिनं तोंड उघडलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, परत मिटलं. म्हणाली, "पाय वर घेऊन बसा." आणि मशीन चालू केलं.

इतकं सुनावलं असतं तरी चाललं असतं.

९ मार्च

१७४/९६. भाऊजी घरी आले. काठी घेऊन, पण चालत.

१३ मार्च

१६४/९४. नातच मोजते आता. मोठ्यानं वाचते, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं.

जास्वंदीचा साधा काढा परत सुरू केला, डॉक्टरणीला विचारून. आंबट ढाण. कोणी तोंड वाकडं केलं तर करू दे. एकच पेला, माझ्यापुरता. दोघीतिघी विचारायला आल्या, मी म्हटलं, "आधी डॉक्टरणीचा कागद आणा, मग बाटली." भाऊजी पण आले. त्यांना कागद आणूनही दिला नसता. म्हणाले, "मग वास तरी घेऊ द्या."

१८ मार्च

१५४/९०. पायाची सूज गेली. चप्पल सैल होते.

डॉक्टरणीकडे गेले होते. आत एक पेशंट, मी बाहेर बाकावर. ती त्याला विचारत होती, "औषधं कुठली घेता?" त्यानं सांगितली. मग म्हणाली, "आणि काही गोड? काढा, मुळी, चाटण?"

तो प्रश्न माझा आहे. माझ्यामुळे विचारते. बाकावरच्या बाईला सांगावंसं वाटलं. सांगितलंही.

२६ मार्च

१४२/८६. झालं!

तोच हिरवा झगा. तीच सिस्टर. पट्टा आवळला, आकडा बघितला, परत बघितला. "आजी, काय केलंत?"

"चुका केल्या," मी म्हटलं. "आणि मग लिहून ठेवल्या."

वीस मिनिटं लागली. एवढ्यासाठी तीन महिने! उठताना सिस्टरला म्हटलं, "हे झगे शिवणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. फुकट शिकवीन."

सगळं लिहून टाकलं नातीनं, मी सांगितलं तसं. डोळ्यावर पट्टी आहे.

२७ मार्च

पट्टी काढली.

आमची भिंत पांढरी आहे. दोन वर्षं मी तिला पिवळी समजत होते आणि मुलाला रंग लाव म्हणून बोलत होते. नातीच्या नाकावर तीळ आहे. सुनेचे केस कानाजवळ पांढरे झालेत. मला कोणी बोललं नाही. पण तीळ नि केस काय सांगायच्या गोष्टी आहेत?

सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. मुद्दाम काढला, परत ओवला. चार वेळा.

१ एप्रिल

१३८/८४.

बँडवाल्यांचं कापड आलं. लाल, जड, चांगलं. त्यांचा ढोलवाला मापाला आला होता. पोट असं की टेप पुरेना. मी लांबूनच आकडा सांगितला, सुनेनं मोजला. अर्ध्या बोटाचा फरक नाही! ढोलवाला म्हणाला, "आजी, डोळा आहे की काय आहे?"

"नवा आहे," मी म्हटलं.

मुलगा बघत होता. परवा कापायला घेते. टेबल धुऊन काढलं, खडूला धार लावली.

३ एप्रिल

हॉटेलच्या वेटरचा कोट बटणाला आला होता. गेल्या वर्षी मी कापलेला. बटण पक्कं करायला अस्तर उसवलं. पुढचा भाग बोटभर अरुंद. काखेखाली त्याच कापडाची पट्टी जोडलेली, अशी की बाहेरून देवालाही दिसू नये. टीप सुनेची.

"असे किती?"

ती बटणाच्या डब्यात बघत म्हणाली, "दीड वर्षातले सगळेच."

"बोलली का नाहीस?"

"तुमचं बीपी वाढलं असतं."

तिच्यासमोर पट्टा बांधला. १३६/८४.

बँडवाल्यांचं कापड ती कापतेय. टेबलाच्या या बाजूला बसून मी काजं करतेय. हात चांगला आहे तिचा. माझ्यापेक्षा — चांगला आहे.